टेबलटॉप आरपीजी कसा चालवायचा? नाशिकच्या नव्या जीएमसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (आरपीजी), म्हणजे टेबलाभोवती बसून आपापलं पात्र निभावत, बोलून आणि फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ, एकदा मनापासून खेळून आलेल्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, "मला गेम चालवायचाय, सुरुवात कुठून करू?" गेम चालवणाऱ्याला गेममास्टर, थोडक्यात जीएम म्हणतात. खालची उत्तरं अशा नव्या जीएमसाठी आहेत. उदाहरणं बरीचशी नाशिकचीच घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या खेळाडूंना गोदाकाठ किंवा त्रिरश्मी डोंगर डोळ्यांसमोर आणायला लांबलचक वर्णन लागत नाही.

जीएमचं काम नेमकं काय?

समोर काय दिसतंय ते सांगायचं, "तुम्ही काय करता?" असं विचारायचं, उत्तर नीट ऐकायचं आणि त्यातून काय घडलं ते सांगायचं. सेशनभर, म्हणजे खेळाच्या एका बैठकीत, हेच चालू असतं. प्रत्येक खेळाडू एकेक पात्र चालवतो आणि बाकीचं जग जीएमकडे असतं: गावकरी, शत्रू, पाऊस, आतून कडी लावलेलं दार. यातली ऐकण्याची पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नवीन जीएमकडून नेमकी तीच सुटते, कारण डोक्यात पुढचा प्रसंग तयार असतो.

सगळे नियम पाठ असायला हवेत का?

नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणला, तेव्हापासून त्याचे नियम वाढतच गेले आहेत आणि ते सगळे तोंडपाठ असलेला माणूस क्वचितच भेटेल. पाचव्या आवृत्तीचा गाभा मात्र एका वाक्यात मावतो: वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राचं कौशल्य मिळवा आणि जीएमने ठरवलेल्या आकड्याशी ताडून पाहा. पात्राला अधिक ५ मिळत असतील आणि आकडा १५ असेल, तर फाशावर १० किंवा जास्त यायला हवं, म्हणजे यशाची शक्यता ५५ टक्के. तीच गोष्ट दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याच्या सवलतीने केली, तर शक्यता जवळपास ८० टक्क्यांवर जाते. एवढा अंदाज बसला की बाकीचं खेळता खेळता येतं. नियम आठवला नाही तर तिथल्या तिथे बरा वाटेल तो निर्णय द्या, कागदावर टिपून ठेवा आणि घरी गेल्यावर पुस्तकात बघा. खेळ थांबवून दहा मिनिटं पानं चाळत बसू नका.

पुस्तकं महाग आहेत ही अडचण खरी आहे. पण पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. तो फुकट उतरवून घेता येतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे.

मग पहिला गेम हाच घ्यावा का?

मित्रांना ड्रॅगन, जादूगार आणि लढाया हव्या असतील तर जरूर. पण तो एकच गेम नाही. भय आणि शोध आवडत असेल तर 'कॉल ऑफ कथुलू' आहे. तो १९८१ पासून चालत आलाय आणि कौशल्यं टक्केवारीत असल्यामुळे नवख्यालाही लगेच कळतो. 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० च्या गेमपासून दोन साध्या फाशांवर चालणारे बरेच गेम निघाले. त्यात दोन्ही फाशांची बेरीज आणि कौशल्याचा आकडा मिळून १० किंवा जास्त आलं तर पूर्ण यश, ७ ते ९ आलं तर यश मिळतं पण काहीतरी मोजावं लागतं आणि त्याखाली जीएम परिस्थिती बिघडवतो. कौशल्याचा आकडा शून्य धरला तर पूर्ण यश साधारण १७ टक्के, मधला निकाल ४२ टक्के आणि अपयशही ४२ टक्के. गोष्टीला खरी मजा त्या मधल्या ४२ टक्क्यांत येते. आम्ही नव्या जीएमला असाच एखादा गेम सुचवतो, कारण त्यात घरातल्या ल्युडोचे फासेही चालतात.

पहिल्या सेशनची तयारी किती आणि कशी करायची?

हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तरही लांब आहे.

बहुतेक जण गोष्ट लिहून आणतात. आधी हे घडेल, मग खेळाडू तिथे जातील, मग खलनायक प्रकट होईल. खेळाडू तसं करत नाहीत आणि मग जीएम त्यांना ओढून रस्त्यावर आणत बसतो. त्यापेक्षा अडलेली परिस्थिती तयार करा. कोणाला काय हवंय, ते का मिळत नाहीये आणि कुणीच मध्ये पडलं नाही तर काय होईल, एवढं लिहा. शेवट लिहू नका.

उदाहरण घेऊ. पांडवलेणीतल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) २००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायमची ठेव म्हणून ठेवले, व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाला २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (भिक्षूंच्या वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे. हिशेब तंतोतंत जुळतो! इथपर्यंत इतिहास झाला. आता आपली कल्पना: यंदा पावसाळा तोंडावर आलाय आणि पैसे आलेले नाहीत.

आता माणसं ठरवा. चार पुरेत.

श्रेणीच्या प्रमुखाने ठेवीतले पैसे परस्पर एका व्यापाऱ्याला दिलेत. त्याचा तांडा सोपाऱ्याच्या बंदराकडे गेला आणि परतलेला नाही. प्रमुखाला आठ दिवसांची मुदत आणि झाकली मूठ हवी आहे. लेण्यातल्या वयोवृद्ध थेरांना (ज्येष्ठ भिक्षूंना) चीवरं हवीत, पण त्यासाठी विणकरांच्या घरांवर जप्ती आलेली नकोय. क्षत्रपाच्या अधिकाऱ्याला श्रेणीची तिजोरी ताब्यात घ्यायला निमित्त हवंय. आणि नवं लेणं कोरणाऱ्या पाथरवटाची मजुरी थकलीये, त्याला कोण खोटं बोलतंय हे ठाऊक आहे, पण फुकट सांगणार नाही. कुणी काहीच केलं नाही तर पाचव्या दिवशी अधिकारी मागांना मोहोर लावतो आणि गावाची चूल बंद पडते.

हे सगळं कागदाच्या एका बाजूला मावतं. दुसऱ्या बाजूला दहा नावं लिहून ठेवा (खेळाडू वाटेत भेटलेल्या प्रत्येक गुराख्याचं नाव विचारतात), तीन जागांची दोन-दोन ओळींत वर्णनं लिहा आणि लढाई झालीच तर लागतील ते आकडे. वर्णनात नाकाला आणि कानाला काय जाणवतं ते आधी लिहा. "विणकरांची आळी" म्हटल्यावर चित्र उभं राहत नाही. "खळीचा आंबूस वास येतोय आणि एकही माग वाजत नाहीये" म्हटलं की खेळाडू आपणहून विचारतात, माग बंद का?

दोन तासांपेक्षा जास्त तयारी होत असेल तर बहुधा तुम्ही खेळाडूंचे निर्णयही लिहायला लागलाय.

खेळाडू भलतीकडेच गेले तर?

जाऊ द्या. वर सांगितलेली तयारी केली असेल तर भलतीकडे असं काही उरतच नाही. समजा, खेळाडूंना तुम्ही लेण्याकडे बोलावलंत आणि ते थेट तांड्याच्या शोधात घाट उतरायला निघाले. प्रमुखाला मुदत हवीच आहे, तो त्यांना बैलं देईल. अधिकाऱ्याला संशय येईल, तो मागावर माणूस पाठवील. माणसांना काय हवंय हे माहीत असलं की ती पुढे काय करतील ते आपोआप सुचतं.

अगदीच काही सुचलं नाही तर मोकळेपणाने म्हणा, "मला पाच मिनिटं द्या, तोवर चहा टाका." कुणी नाराज होत नाही. आणि सेशन संपताना विचारा, "पुढच्या वेळी तुमचा बेत काय?" ते उत्तर म्हणजे तुमची निम्मी तयारी.

रहस्य असलेल्या गोष्टीत खेळाडू अडकून पडतात. काय करू?

खेळाडूंना कळायलाच हवी अशी प्रत्येक गोष्ट किमान तीन वेगळ्या वाटांनी कळेल अशी सोय करा. एक धागा त्यांना दिसणार नाही, दुसऱ्याचा ते वेगळाच अर्थ लावतील, तिसरा लागेल. पैसे चोरीला गेले नसून उसने दिलेत, हे कळण्यासाठी: तिजोरीच्या घड्यावरची मोहोर फोडलेली नाही, नीट उघडलेली आहे, व्यापाऱ्याच्या बायकोने हातातलं सोनं मोडलंय, आणि हिशेबनीस त्या महिन्याचं नाव काढलं की विषय बदलतो.

हे धागे देताना फासे टाकायला लावू नका. शोधायच्या ठिकाणी जाऊन खेळाडूने नीट शोधलं तर ते मिळालं. फासा त्यापुढच्या गोष्टीसाठी ठेवा: कुणाला न कळता मिळालं का, किती वेळ गेला. टेबलावर ते साधारण असं होतं.

"मी हिशेबनिसाला सरळ विचारते, आषाढाचं व्याज कुठं गेलं?"

"तो हातातली लेखणी खाली ठेवतो. म्हणतो, बाई, पाणी घेणार का? आणि उठायलाच लागतो."

"मी दारात उभी राहते."

"टाक फासा. सांगणार तर तो आहेच. फासा एवढंच ठरवेल की बाहेर ओसरीवर बसलेल्या माणसाने ऐकलं का."

बघा, फासा पडायच्या आधीच टेबलावरचे सगळे पुढे सरसावून बसलेले असतात.

फासे नेमके कधी टाकायला सांगायचे?

यश आणि अपयश दोन्हींतून काहीतरी रंजक घडणार असेल तेव्हाच. साधी शिडी चढायला फासा नको. हरिहर गडाच्या खड्या पायऱ्या पावसात, अंधारात आणि पाठीवर जखमी माणूस घेऊन उतरायच्या असतील तर हवा. टाकण्याआधीच बोलून दाखवा की हुकलं तर काय होईल. "जमलं नाही" एवढ्यावर थांबू नका. हुकल्यावर परिस्थिती बदललीच पाहिजे. आणि फासे सगळ्यांसमोर टाका. पडद्याआड टाकून आकडे बदलणारे जीएम आहेत, पण आम्हाला ते पटत नाही. खेळाडूंना एकदा संशय आला की फाशातली धडधड जाते, ती परत येत नाही.

नाशिकच्या जागा गेममध्ये कशा आणायच्या?

नुसतं नाव घेऊन भागत नाही. ती जागा काय काम करते ते वापरा. गोदावरीचा पूर किती चढला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. जीएमच्या हातात याहून चांगलं घड्याळ नाही. टेबलाच्या मधोमध एक कागद ठेवा, त्यावर मारुतीची उभी आकृती काढा. सराफ बाजारातल्या जुन्या वाड्याच्या तळघरातून खेळाडूंना काहीतरी बाहेर काढायचंय आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढतोय. प्रत्येक हुकलेल्या फाशाला, प्रत्येक वाया गेलेल्या चर्चेला पेन्सिलने पाण्याची रेघ वर सरकवा. कमरेपाशी भांडीबाजारात पाणी शिरतं, छातीपाशी गल्लीतून चालत जाता येत नाही, गळ्यापाशी तळघराचा जिनाच दिसत नाही. काहीही समजावून सांगावं लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी पाहिलाय ते त्या रेघेकडे बघूनच घाई करतात.

पेशवेकालीन रहाडी घ्या. एरवी मातीखाली बुजवलेल्या आणि रंगपंचमीला उघडल्या जाणाऱ्या हौदात वर्षभर काय दडवता येईल? अंजनेरीचं धुकं, सिन्नरच्या गोंदेश्वराचं आवार, लासलगावच्या कांदा बाजारातला लिलाव, सगळं वापरण्याजोगं आहे.

एक पथ्य मात्र पाळावं. काळाराम मंदिर, रामकुंड, त्र्यंबकेश्वर ही लोकांच्या श्रद्धेची ठिकाणं आहेत. तिथे गोष्ट घडू द्या, पण देवाला पात्र करून त्याच्याशी लढाई लावू नका. टेबलावर कोण काय मानतं हे तुम्हाला पूर्ण माहीत नसतं.

लढाई रटाळ होते. कशी आवरायची?

लढाईला मारामारीपलीकडचा हेतू द्या. रामशेजला १६८२ मध्ये मोगलांचा वेढा पडला आणि मूठभर मावळ्यांनी गड पाच वर्षांहून जास्त झुंजवला. गडावर तोफा नव्हत्या म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा केल्या असं सांगतात. या वेढ्यावर सेशन करायचं तर "खालच्या छावणीतले सगळे मारा" असं उद्दिष्ट ठेवून काय उपयोग? धान्याची चार पोती पहाटेच्या आत वर न्यायची आहेत, असं ठेवा. मग कोण लढतं, कोण पोतं उचलतं, कोण दोर धरतं, असे निर्णय सुरू होतात आणि पोती वर पोचली की लढाई संपते. शत्रूलाही जीव प्यारा असतो. निम्मे पडले की उरलेले पळतात किंवा शरण येतात.

यांत्रिक बाजूला दोनच गोष्टी. पाळी येण्याआधी पुढच्या खेळाडूला नावाने सांगा, "यानंतर तू". आणि एकाच जातीचे सहा शत्रू असतील तर सगळ्यांसाठी एकच फासा टाका.

मला आवाज काढता येत नाहीत, अभिनय जमत नाही.

लागत नाही. "कोतवाल चिडून नाही म्हणतो" असं सांगणंही पूर्ण रोलप्लेइंग आहे. प्रत्येक पात्राला एकच लकब द्या: एक बोलताना सुपारी कातरतो, एक कधीच नजर देत नाही. बोलीबद्दल मात्र जपून. बागलाण, मालेगावकडची अहिराणी तुमच्या घरची असेल तर आनंदाने बोला, टेबल एकदम जिवंत होतं. येत नसेल तर हसू आणण्यापुरती तिची नक्कल करू नका. समोर बसलेल्याच्या आजीची ती भाषा असू शकते.

एक जण सतत बोलतो, दुसरी तोंडच उघडत नाही.

गप्प खेळाडूला "तुला काय वाटतं?" असं मोघम विचारू नका, त्याने अवघडल्यासारखं होतं. तिच्या पात्राच्या हातात निर्णय द्या: "थेर तुझ्याकडेच बघतायत. त्यांनी पत्र तुझ्याच हातात दिलंय. फोडतेस की तसंच देतेस?" फार बोलणाऱ्याला सगळ्यांसमोर गप्प करू नका, सेशननंतर बाजूला घेऊन इतरांना पुढे आणायला त्याचीच मदत मागा. काही जणांना मात्र ऐकण्यातच आनंद असतो आणि ते दर वेळी वेळेवर येतात. त्यांना तसंच राहू द्या.

'सेशन झिरो' खरंच लागतं का?

लागतं. खेळ सुरू करण्याआधीची ही बोलणी निदान अर्धा तास तरी हवीत. कोणत्या तऱ्हेची गोष्ट खेळायची, पात्रं मेली तर चालेल का, कोणते विषय अजिबात नकोत आणि कोणते आडून आले तर चालतील, हे आधी बोलून घ्या. जातीवरून होणारा अपमान, लैंगिक हिंसा, लहान मुलांचे हाल यांबद्दल नावं घेऊन विचारा, कारण आपणहून कुणी बोलत नाही. शिवाय जॉन स्टाव्रोपुलोस यांचं एक्स-कार्ड टेबलावर ठेवा: कागदावर फुली, तिला हात लावला की तो प्रसंग वगळून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. ओळखीच्यांतच खेळतोय म्हणून याची गरज नाही, असं समजू नका. ओळखीच्यांसमोर नाही म्हणणं जास्त अवघड असतं.

किती खेळाडू, किती वेळ, कुठे?

तीन ते पाच खेळाडू, तीन ते चार तास. जागा शक्यतो घरच. कॅफेत गोंगाटामुळे मागच्याला ऐकू जात नाही आणि मुख्य काम तर ऐकण्याचंच आहे. सातपूर-अंबडच्या शिफ्टवाल्यांना रविवार सकाळ बरी पडते आणि पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्याला आठवड्यातल्या संध्याकाळी बोलावणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. मिसळ सेशनच्या आधी खाऊन घ्या. तर्रीचे डाग पात्रांच्या कागदावरून जात नाहीत. मध्ये चिवडा चालतो, पण वाटीत आणि चमच्याने.

सात फाशांचा संच, मिनिएचर, नकाशे हे सगळं विकत घ्यावं लागतं का?

फाशांचा एक संच घ्या, ऑनलाइन सहज मिळतो. तोवर मोबाइलवर फासे टाका. मिनिएचर म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, त्यांच्याऐवजी कॅरमच्या सोंगट्या किंवा बटणं चालतात. नकाशाला पाठकोरा कागद.

लहान मुलांसोबत खेळता येईल का?

आठ-नऊ वर्षांपासून छान जमतं. सेशन तासाभराचं ठेवा, नियम एका फाशावर आणा आणि मरणाऐवजी पकडलं जाणं, हरवणं, वस्तू गमावणं असे परिणाम ठेवा. मुलं राक्षसाशी लढण्याआधी त्याच्याशी बोलून बघतात. त्यामुळे राक्षसाला काय हवंय ते आधीच ठरवून ठेवा.

कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी सलग गोष्ट) दर वेळी मध्येच बंद पडतं. टिकवायचं कसं?

परीक्षा, लग्नसराई, दिवाळी, बदल्या. यांच्याशी भांडून उपयोग नाही. दोन वर्षांच्या महागाथेचा बेत न करता चार-पाच सेशनांत संपणारं एकेक प्रकरण आखा. गोवर्धनच्या विणकरांचा प्रश्न सुटला किंवा चिघळला की ते प्रकरण संपलं. पुढे जमलं तर त्याच पात्रांना घेऊन सोपाऱ्याला निघा. तारीख सेशन संपताना, सगळे समोर असतानाच ठरवा, ग्रुपवर विचारत बसू नका. पाचातले तीन येणार असतील तर खेळाच. न आलेल्यांची पात्रं तांड्यासोबत मागे थांबली असं धरा. खंड मोठा पडला तर सुरुवातीला मागची गोष्ट तुम्ही सांगू नका, खेळाडूंना सांगू द्या. तुम्ही कष्टाने बांधलेला अधिकारी त्यांच्या लक्षातही नसेल आणि सहज नाव दिलेला एखादा गुराखी मात्र सगळ्यांना आठवत असेल. तसं झालं तर नव्या प्रकरणात पहिल्याच प्रसंगी तो गुराखी आणा.